चिखलाचे टायर

गाडी हुमनाबादेंकडून घेतली, चिखलाच्या टायरसकट.
त्यांना हौस होती.
पाऊस झाला की वळसंगच्या काळ्या रानात
गाडी मुद्दाम रुतवायची
आणि मग बाहेर काढायची.
मला फक्त टॉवेल पोचवायचे असतात.
अक्कलकोट रोड एमआयडीसी ते सात रस्ता,
तिथून होटगी रोड, कधी उलट कुंभारीपर्यंत.
लॉजवाल्यांचे पांढरे, दवाखान्यांचे हिरवे,
डझनावर मोजून, सुतळीनं आवळून.

या गावात वर्षाकाठी चिखल तो किती?
दहा-बारा दिवस.
बाकी सगळं डांबर, धूळ आणि ऊन.

चाळीसला घुमतात.
पन्नासला लांब कुणीतरी पीठ दळतंय असं वाटतं.
साठला ती अख्खी गिरणी मांडीवर येऊन बसते.
तुळजापूर नाक्यावर मैनुद्दीन शेतसंदी
गट्टूंमधल्या खाचेत बोट घालून दाखवतो :
"हितं हवा अडकती, दबती, सुटती.
चिखलात गेलं की तोंड भरतंय, गप ऱ्हातंय.
कोरड्यात रिकाम्या तोंडानं बोलणारच की वो, ताई."

मागं गठ्ठे असले की आवाज निम्मा.
सूत पिऊन टाकतं.
माल उतरवून परतताना मात्र
सगळा हिशोब वसूल होतो.

शेजारी नान्ना. गठ्ठे मोजायला म्हणून येतात.
अडतीस वर्षं यंत्रमागावर,
कानांचं जे व्हायचं ते झालेलंच.
घरीही ओरडूनच बोलायचं,
त्यामुळे गाडीत वेगळं काही नाही.
"गोळी घेतली का?"
"काय?"
"गोळी!"
"गोळा कशाला आता, उन्हाळा सरला की."

एकदा कुंभारीच्या अलीकडे म्हणाले, "थांबव."
"काय झालं?"
"मागचं डावं.
बाकीचे तिघं एका ठेक्यात आहेत, हे अडखळतंय.
धोटा असा यायला लागला
की पुढच्या वारात सूत तुटतं."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.
माझे कान धड आहेत.
ते तळहात सीटच्या कडेला दाबून बसले होते,
मागाच्या चौकटीवर ठेवावा तसा.
मैनुद्दीननं चाक काढलं. बेअरिंग गेलेलं.
त्यानं नान्नांना चहा पाजला,
पैसे माझ्याकडून घेतले.

हप्ते फिटले तसे दिवाळीआधी साधे टायर घातले.
जुने चारही हुमनाबादेंचा पुतण्याच
परत घेऊन गेला म्हणे, रानासाठी.

पहिल्या दिवशी गाडी अशी चालली
की बंद पडली समजून मी दोनदा काट्याकडे पाहिलं.
इंडिकेटरचं टिकटिक आलं.
डब्याच्या पिशवीत
शेंगाचटणीच्या बरणीचं सैल झाकण.
मग नान्नांचा श्वास.
आत जाताना त्याला एक बारीक शीळ आहे,
किती दिवसांची, कुणास ठाऊक.

"बरं वाटतंय ना आता?" मी म्हणाले.
सवयीनं, ओरडून.
एवढ्याशा गाडीत तो प्रश्न मावला नाही.

त्यांनी सीटच्या कडेला तळहात दाबला,
जरा पुढं सरकवला, परत दाबला.
"चालू आहे का?"
"आहे, नान्ना."
हात उचलून त्यांनी मांडीवर ठेवला,
कुणाची तरी वस्तू परत ठेवावी तसा.

मी काच खाली केली.
ट्रक, रिक्षा, उसाची ट्रॉली,
येईल ते येऊ दिलं.
सिग्नलला ते मान वळवून मागचे गठ्ठे मोजत होते,
सकाळीच दोनदा मोजलेले.
"सोळा," म्हणाले.
मी म्हणाले, "सोळा."